संगणकाचा आवाज अचानक गेला, तर काय तपासावे?

संगणक सुरू होतो, पडद्यावर चित्र दिसते, इंटरनेटही चालते. आवाज मात्र येत नाही. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित बोलणारे यंत्र आज सकाळी मुके का झाले, असा प्रश्न घरातील सर्वांना पडतो. अशा वेळी स्पीकर जळाले किंवा संगणक जुना झाला, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. प्रत्यक्षात या मौनामागे अनेकदा एखादी सैल तार, चुकून दाबले गेलेले बटण किंवा संगणकाने परस्पर बदललेली एखादी निवड असते. ती शोधण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. क्रमाने तपासण्याची तयारी मात्र हवी.

बंगळुरूच्या पश्चिम भागातील राजाजीनगरचे उदाहरण घेऊ. भारताचे अखेरचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही वस्ती औद्योगिक वसाहत आणि निवासी भाग अशा दोन्ही रूपांनी वाढली. तेथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाची कल्पना करा. घरात निवृत्त आजोबा आणि आजी आहेत. महाराष्ट्रातील मराठी बातम्या ते संगणकावर इंटरनेटवरून ऐकतात आणि पुण्यात शिकणाऱ्या नातीशी दर रविवारी पडद्यावर बोलतात. म्हणजे त्यांच्या घरी संगणक हाच रेडिओ आहे आणि तोच दूरध्वनीही.

एप्रिल-मे महिन्यांत बंगळुरूमध्ये वळवाचा पाऊस गडगडाटासह येतो. अशाच एका शनिवारी रात्री वीज गेली आणि पहाटे परत आली. रविवारी सकाळी नातीचा चेहरा पडद्यावर दिसला, तिचे ओठ हलताना दिसले, पण शब्द एकही ऐकू आला नाही. विजेच्या कडकडाटात स्पीकर गेले असावेत, असे आजोबांना वाटले. हे घर कल्पनेतील असले, तरी ही अडचण अगदी नेहमीची आहे. ती सोडवण्याची पद्धत समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

आवाजाचा प्रवास

संगणकात आवाज हा आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. साध्या सीडीवरील संगीतात प्रत्येक सेकंदाला प्रत्येक बाजूचे 44,100 नमुने नोंदवलेले असतात. हे आकडे ज्या प्रोग्रॅममध्ये वाजतात, तेथून ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातात. ऑपरेटिंग सिस्टिम निरनिराळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळते आणि ते कोणत्या साधनाकडे पाठवायचे हे ठरवते. त्यानंतर ड्रायव्हर हा छोटा प्रोग्रॅम ते आकडे ध्वनीच्या चिपपर्यंत पोहोचवतो. ही चिप आकड्यांचे विद्युत संदेशात रूपांतर करते. तो संदेश सॉकेटमधून तारेत, तारेतून स्पीकरमधील ॲम्प्लिफायरमध्ये जातो आणि अखेर स्पीकरचा पडदा हलून आपल्या कानापर्यंत आवाज येतो.

या साखळीतील एकही कडी निसटली, तरी परिणाम एकच होतो, तो म्हणजे शांतता. नुसत्या शांततेवरून कोणती कडी निसटली हे समजत नाही. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा एकेक कडी तपासणे श्रेयस्कर ठरते. तपासणीचा क्रम बाहेरून आत असावा. जे पाहायला सोपे, बिनखर्चाचे आणि पूर्ववत करता येण्याजोगे आहे, ते प्रथम तपासावे. यंत्र उघडणे, ड्रायव्हर काढून टाकणे किंवा नवे साहित्य विकत घेणे या गोष्टी सर्वांत शेवटी याव्यात.

तपासणीपूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. आवाज शेवटचा ऐकू आला त्यानंतर काय बदलले? नवा मॉनिटर जोडला का? नवे हेडफोन घेतले का? साफसफाई करताना टेबल हलवले का? संगणकाने स्वतःहून काही अद्ययावत केले का? वीज गेली होती का? 'अचानक' या शब्दामागे सहसा असा एखादा बदल दडलेला असतो. तो आठवल्यास अर्धे काम होते.

प्रथम वीज, तारा आणि बटणे

टेबलावर ठेवण्याच्या बहुतेक स्पीकरना स्वतःची वीज लागते. काही स्पीकर भिंतीवरील सॉकेटमधून, तर काही संगणकाच्या यूएसबी सॉकेटमधून वीज घेतात. स्पीकरवरील दिवा लागला आहे का, एक्स्टेंशन बोर्डाचे बटण चालू आहे का आणि स्पीकरच्या मागील बाजूचा स्विच बंद तर झालेला नाही ना, हे पाहावे. वीज जाऊन आल्यानंतर अनेकजण संगणक सुरू करतात. वेगळ्या बोर्डावर असलेल्या स्पीकरचा स्विच मात्र विसरतात.

यानंतर आवाज कमीजास्त करण्याचे गोल बटण पाहावे. ते स्पीकरवर असते, हेडफोनच्या तारेवर असते आणि काही कीबोर्डवरही असते. अनेक कीबोर्डवर आवाज बंद करण्याची स्वतंत्र कळ असते. पुसताना किंवा लहान मुलांच्या हातून ती दाबली जाते. लॅपटॉपवर ती वरच्या ओळीतील एखाद्या कळीवर असते आणि त्यावर स्पीकरला काट मारल्याचे चिन्ह असते.

मग तारेकडे वळावे. संगणकाच्या मागील सॉकेटचे रंग ठरलेले आहेत. 1990 च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी वैयक्तिक संगणकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, त्यांतून हे रंग रूढ झाले. हिरवे सॉकेट स्पीकर आणि हेडफोनसाठी, गुलाबी मायक्रोफोनसाठी आणि निळे बाहेरून येणाऱ्या ध्वनीसाठी असते. टेबल हलवल्यानंतर स्पीकरची पिन गुलाबी सॉकेटमध्ये बसली, तर सारे काही जोडलेले दिसूनही आवाज येणार नाही. पिन पूर्ण आत गेली आहे का, हेही पाहावे. अर्धवट बसलेल्या पिनेमुळे एका बाजूचाच आवाज येणे किंवा मुळीच न येणे, असे दोन्ही प्रकार घडतात.

कॅबिनेटच्या पुढील बाजूचे सॉकेट आतल्या एका स्वतंत्र तारेने मदरबोर्डला जोडलेले असते. ती तार निसटल्यास पुढील सॉकेट बंद पडते, मागील मात्र चालू राहते. म्हणून पुढे आवाज येत नसेल, तर पिन मागील हिरव्या सॉकेटमध्ये लावून पाहावी.

लॅपटॉपबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हेडफोनची पिन घातली की आतील स्पीकर आपोआप बंद होतात. सॉकेटमध्ये धूळ साचली किंवा त्यातील संपर्क अडकला, तर पिन काढल्यानंतरही यंत्राला हेडफोन जोडलेलेच आहेत असे वाटत राहते. अशा वेळी हेडफोनची पिन चार-पाच वेळा हळुवार घालून काढल्यास संपर्क मोकळा होऊ शकतो. सॉकेटमध्ये टाचणी किंवा सुई घालू नये.

अदलाबदलीची चाचणी

वरील तपासणीत काही आढळले नाही, तर अदलाबदलीची चाचणी करावी. तिला दोन-तीन मिनिटे लागतात आणि ती अडचणीचे क्षेत्र निम्म्यावर आणते.

पहिल्या भागात स्पीकर संगणकापासून काढून दुसऱ्या एखाद्या साधनाला जोडावेत. हेडफोनचे सॉकेट असलेला मोबाइल, जुना रेडिओ किंवा दूरचित्रवाणी संचही चालेल. तेथे स्पीकर वाजले, तर ते आणि त्यांची तार निर्दोष आहेत. दुसऱ्या भागात संगणकाच्या हिरव्या सॉकेटला साधे, तारेचे हेडफोन लावावेत. अशा हेडफोनना वेगळी वीज लागत नाही, त्यामुळे स्पीकरचा ॲम्प्लिफायर आणि त्याची वीज हे दोन्ही प्रश्न आपोआप बाजूला पडतात.

हेडफोनमध्ये आवाज आला आणि स्पीकर मोबाइलवरही मुकेच राहिले, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्यांच्या वीजपुरवठ्यात आहे. उलट स्पीकर मोबाइलवर वाजले आणि हेडफोन संगणकावर शांत राहिले, तर शोध संगणकाच्या आत न्यावा लागेल. या चाचणीपूर्वी आवाजाची पातळी कमी ठेवणे आवश्यक आहे. शोधाशोधीत आवाज शंभरावर नेलेला असतो आणि तो अकस्मात परतला, तर कानांना इजा होऊ शकते.

संगणक सुरू होताना येणारी 'बीप' ऐकून ध्वनियंत्रणा ठीक असल्याचे अनुमान काढू नये. कॅबिनेटमधील संगणकात ही बीप बहुधा आतल्या एका वेगळ्या, चिमुकल्या स्पीकरमधून येते. तिचा हिरव्या सॉकेटशी काहीही संबंध नसतो.

आवाज जातो कुठे?

आता पडद्याकडे वळू. पुढील सूचना प्रामुख्याने विंडोजसाठी आहेत. पडद्याच्या खालच्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात स्पीकरचे चिन्ह असते. त्यावर फुली असेल, तर आवाज बंद केलेला आहे. एका क्लिकने तो पूर्ववत होतो. फुली नसेल, तर आवाज कोणत्या साधनाकडे पाठवला जात आहे, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

आजच्या संगणकाला एकाच वेळी आवाजाच्या अनेक वाटा उपलब्ध असतात. हिरव्या सॉकेटला जोडलेले स्पीकर, एचडीएमआय तारेने जोडलेला मॉनिटर, यूएसबी हेडफोन आणि ब्लूटूथवरील साधने, या सर्वांची यादी संगणक ठेवतो. त्यांतून एका साधनाची तो निवड करतो. एचडीएमआय तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. त्यामुळे असा मॉनिटर जोडल्यावर संगणक कधीकधी आवाज तिकडे वळवतो. त्या मॉनिटरमध्ये स्पीकरच नसतील, तर आवाज योग्य रीतीने पाठवला जाऊनही कोणालाच ऐकू येत नाही. ब्लूटूथचेही असेच होते. शेजारच्या खोलीत चार्जिंगला लावलेले हेडफोन चालू राहिले, तर बातम्या त्या रिकाम्या खोलीत वाजत राहतात.

स्पीकरच्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबून 'साऊंड सेटिंग्ज' उघडावे. तेथे 'आउटपुट' या शीर्षकाखाली साधनांची यादी दिसते. तीतून 'स्पीकर्स' निवडावे आणि आवाज वाजवून पाहावा. यादीत स्पीकर दिसतच नसतील, तर ते 'डिसेबल' म्हणजे निष्क्रिय झालेले असू शकतात. विंडोज 10 आणि 11 मध्ये आजही जुन्या धाटणीची 'साऊंड' खिडकी उपलब्ध आहे. ती 'साऊंड सेटिंग्ज'च्या पानावरील दुव्यावरून किंवा कंट्रोल पॅनेलमधून उघडते. तिच्या 'प्लेबॅक' भागातील मोकळ्या जागेवर उजवे बटण दाबल्यास निष्क्रिय साधने दाखवण्याचा पर्याय मिळतो.

याच खिडकीत प्रत्येक साधनासमोर एक छोटी उभी पट्टी असते. गाणे सुरू असताना ती हिरवी होऊन खालीवर हलते. ही पट्टी आपल्याला मोठी माहिती देते. ती स्पीकरसमोर हलत असेल, तर प्रोग्रॅमपासून विंडोजपर्यंतचा प्रवास ठीक आहे आणि दोष त्यापुढे, म्हणजे चिप, सॉकेट, तार किंवा स्पीकरमध्ये आहे. ती मॉनिटरसमोर हलत असेल, तर आवाज चुकीच्या वाटेने जात आहे. ती कोणत्याच साधनासमोर हलत नसेल, तर मूळ प्रोग्रॅमच मुका आहे.

एकाच ठिकाणी आवाज नसेल तर

कधीकधी संगणकाचा सर्वच आवाज जात नाही. गाणी वाजतात, पण एखाद्या संकेतस्थळावरील बातम्या ऐकू येत नाहीत. विंडोज व्हिस्टा ही आवृत्ती 2007 मध्ये बाजारात आली, तेव्हापासून विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतो. ही सोय 'व्हॉल्यूम मिक्सर' नावाने ओळखली जाते. एखाद्या प्रोग्रॅमची पट्टी तेथे शून्यावर असेल, तर बाकी सर्व ठीक असूनही तो मुका राहतो.

ब्राऊझरमध्ये प्रत्येक टॅबचा किंवा संकेतस्थळाचा आवाजही वेगळा बंद करता येतो. टॅबवर स्पीकरला काट मारल्याचे चिन्ह दिसते का, ते पाहावे. शिवाय न विचारता मोठ्याने वाजू लागणाऱ्या चित्रफितींचा त्रास टाळण्यासाठी क्रोम ब्राऊझरने 2018 पासून आपोआप सुरू होणाऱ्या आवाजावर बंधने आणली. त्यामुळे अनेक चित्रफिती सुरुवातीला मुक्याच चालतात आणि त्यांच्यावरील स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करावे लागते. हा बिघाड नाही.

पडद्यावरील संभाषणानंतर बाकीचे आवाज फार क्षीण येत असतील, तर वर सांगितलेल्या 'साऊंड' खिडकीतील 'कम्युनिकेशन्स' हा भाग पाहावा. संभाषण सुरू झाल्याचे जाणवले की इतर आवाज 80 टक्क्यांनी कमी करण्याची सूचना विंडोजला मुळातच दिलेली असते. तेथे 'काहीही करू नये' या अर्थाचा पर्याय निवडल्यास ही अडचण राहत नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांनी 'अल्सामिक्सर' उघडून पाहावे. एखाद्या पट्टीखाली इंग्रजी 'एमएम' अक्षरे दिसली, तर ती वाट बंद आहे. ती निवडून 'एम' कळ दाबली की उघडते. ॲपलच्या मॅक संगणकावर 'सिस्टिम सेटिंग्ज'मधील 'साऊंड' भागात आउटपुटची यादी मिळते.

पुन्हा सुरू करण्यातील बारकावा

संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, हा सल्ला सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात एक बारकावा आहे. विंडोज 8 पासून संगणक लवकर सुरू व्हावा यासाठी 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. ती चालू असताना 'शट डाऊन' केल्यास प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहू शकतो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून आवाज गेला असता 'शट डाऊन' न करता 'रीस्टार्ट' करावे.

त्यानेही भागले नाही, तर 'डिव्हाइस मॅनेजर' पाहावा. कीबोर्डवरील विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि इंग्रजी 'एक्स' एकत्र दाबल्यावर येणाऱ्या यादीत तो मिळतो. त्यात ध्वनिसाधनांचा स्वतंत्र गट असतो. साधनाच्या चिन्हावर खाली रोखलेला बाण असेल, तर ते निष्क्रिय आहे. पिवळा त्रिकोण असेल, तर ड्रायव्हरमध्ये दोष आहे. साधन यादीत नसेलच, तर ते बायोसमध्ये बंद झालेले असू शकते किंवा चिपच निकामी झालेली असू शकते.

विंडोज अद्ययावत झाल्यानंतर आवाज गेला असेल, तर साधनाच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'ड्रायव्हर' भागात 'रोल बॅक' हा पर्याय आहे. त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो. तो पर्याय उपलब्ध नसल्यास 'अनइन्स्टॉल' करून संगणक रीस्टार्ट करावा. विंडोज साधन पुन्हा ओळखते आणि ड्रायव्हर बसवते. ड्रायव्हरची फाइलच पुसून टाकण्याचा जो चौकोन त्या वेळी दिसतो, त्यावर खूण करू नये.

नवा ड्रायव्हर हवाच असेल, तर तो संगणक किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अद्ययावत करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमपासून दूर राहणे हिताचे.

चिपच निकामी झाली असेल तर

यंत्रभागात बिघाड झाला तरी संगणक टाकून देण्याचे कारण नाही. आयबीएमचा वैयक्तिक संगणक 1981 मध्ये आला, तेव्हा त्यात केवळ 'बीप' करणारा लहान स्पीकर होता. संगीतासाठी वेगळे कार्ड घ्यावे लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे 1989 मधील 'साऊंड ब्लास्टर' हे कार्ड त्यांपैकी सर्वाधिक गाजलेल्यांत गणले जाते. पुढे ध्वनीची चिप मदरबोर्डवरच बसू लागली आणि इंटेलने 2004 मध्ये त्यासाठी 'हाय डेफिनेशन ऑडिओ' हे मानक आणले. स्वस्ताईच्या दृष्टीने हे सोयीचे झाले. मात्र घरच्या घरी चिप तेवढी बदलणे अशक्य झाले.

तिला वळसा मात्र घालता येतो. यूएसबी सॉकेटमध्ये बसणारे बोटाएवढे ध्वनिसाधन काही शे रुपयांत मिळते. त्यात स्वतःची चिप असते. ते लावले की स्पीकर पुन्हा वाजू लागतात आणि मदरबोर्ड बदलण्याचा खर्च टळतो. ते घेण्यापूर्वी दोष खरोखर यंत्रात आहे, याची खात्री करून घेता येते. लिनक्सची एखादी प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा. डिस्कवर काहीही न बसवता ती चालते. तेथे आवाज आला, तर चिप निर्दोष असून दोष विंडोजमध्ये आहे, हे सिद्ध होते.

बंगळुरूमध्ये संगणकाच्या सुट्या भागांसाठी सादर पत्रप्पा रस्ता, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एसपी रोड, प्रसिद्ध आहे. राजाजीनगरहून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने चिकपेटे स्थानकापर्यंत जाऊन तेथून तो गाठता येतो. दुकानात जाताना आपण काय तपासले, याची चिठ्ठी सोबत न्यावी. 'स्पीकर मोबाइलवर वाजतात, हेडफोन संगणकावर वाजत नाहीत, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आहे', एवढे लिहिलेले असले, तरी दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ आणि आपले पैसे वाचतात. 'सौंड बर्ता इल्ला', म्हणजे आवाज येत नाही, एवढे कन्नड वाक्य संभाषण सुरू करायला पुरेसे आहे.

एक सूचना सुरक्षिततेची. भिंतीवरील वीज घेणाऱ्या स्पीकरचा खोका घरी उघडू नये. वीज काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो. गडगडाट सुरू होण्याची चिन्हे दिसताच संगणक, मॉनिटर आणि स्पीकर यांचे प्लग काढून ठेवणे हा उत्तम उपाय आहे. केवळ बटण बंद करणे पुरेसे संरक्षण देत नाही.

अनोळखी मदतनीसापासून सावधान

आवाज जाण्याने होणारे नुकसान थोडे असते. घाईघाईने शोधलेल्या मदतीमुळे होणारे नुकसान मात्र मोठे असू शकते. अडचणीत सापडलेला माणूस इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो. नामांकित कंपनीचे नाव लावून फसवणूक करणारे लोक असे क्रमांक पसरवून ठेवतात. पलीकडून बोलणारी व्यक्ती संगणक दुरून हाताळण्याचा प्रोग्रॅम बसवायला सांगते, पडद्यावर काही भयानक वाटणाऱ्या नोंदी दाखवते आणि पैसे मागते. त्याच वेळी बँकेचे खाते उघडायला लावून रक्कम काढून घेण्याचे प्रकारही होतात.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो, असे या कंपनीने स्पष्ट केले आहे. त्यामुळे ज्या सूचनेत क्रमांक आहे, ती खोटी समजावी. आवाज परत आणण्यासाठी कोणालाही ओटीपी, बँकेचा पासवर्ड किंवा संगणकाचा ताबा देण्याची गरज नसते. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच 1930 या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर त्वरित कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम रोखून धरण्याची शक्यता अधिक असते.

ज्यांच्यासाठी आवाज म्हणजेच पडदा

दृष्टिहीन व्यक्तींच्या बाबतीत हा विषय अधिक गंभीर आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आधारे त्या संगणक वापरतात. ऑस्ट्रेलियात 2006 मध्ये सुरू झालेला 'एनव्हीडीए' हा असा प्रोग्रॅम विनामूल्य आहे आणि त्यासोबत चालणाऱ्या 'ईस्पीक एनजी' या आवाजात मराठीचाही समावेश आहे. अशा व्यक्तीच्या संगणकाचा आवाज गेला, की कोणती खिडकी उघडी आहे हे समजण्याचा मार्गच बंद होतो. इतरांसाठी जी गैरसोय, ती त्यांच्यासाठी संपूर्ण अंधार ठरते.

म्हणून अशा घरात एक जादा यूएसबी हेडफोन नेहमी हाताशी ठेवावा. त्यात स्वतःची ध्वनिचिप असल्याने तो लावताच संगणकाला दुसरी वाट मिळते आणि बहुधा आवाज तिकडे वळतो. विंडोज आणि कंट्रोल या कळांसह 'एंटर' दाबल्यास विंडोजमधील अंगभूत वाचक सुरू होतो, हेही लक्षात ठेवावे. एनव्हीडीए अडकला असेल, तर तो कामी येतो.

राजाजीनगरच्या घरात काय निघाले?

आता आपल्या उदाहरणातील घरी परत जाऊ. आजोबांनी स्पीकरचा दिवा पाहिला. तो लागलेला होता. पिन हिरव्या सॉकेटमध्ये घट्ट होती. स्पीकर मोबाइलला जोडताच ते उत्तम वाजले. म्हणजे विजेने स्पीकर जळाले, हा पहिला निष्कर्ष चुकीचा ठरला. 'साऊंड' खिडकीत हिरवी पट्टी हलत होती, पण ती स्पीकरसमोर नव्हती, मॉनिटरच्या नावासमोर होती.

काय बदलले, याचे उत्तर तेव्हा आजींना आठवले. चार दिवसांपूर्वी जुना मॉनिटर जाऊन नवा आला होता आणि तो एचडीएमआय तारेने जोडला होता. त्यानंतर संगणक एकदाही रीस्टार्ट झाला नव्हता. विंडोजचे काही अद्ययावत करणे त्यासाठीच खोळंबून होते. रात्री वीज गेली, सकाळी संगणक नव्याने सुरू झाला, ते काम पूर्ण झाले आणि आवाजाची निवड मॉनिटरकडे गेली. मॉनिटरमध्ये स्पीकर नव्हते. गडगडाटाचा संबंध होता, पण केवळ वीज जाण्यापुरता.

यादीतून 'स्पीकर्स' निवडल्याबरोबर आवाज परतला. खर्च काहीच आला नाही. क्रम पाळला नसता, तर त्याच दिवशी नवे स्पीकर विकत घेतले गेले असते आणि तेही मुकेच राहिले असते. आपल्या संगणकाच्या बाबतीत कारण वेगळे निघेल. पद्धत मात्र हीच उपयोगी पडेल. काय बदलले ते आठवावे, बाहेरून आत एकेक कडी तपासावी, प्रत्येक चाचणीचे उत्तर लिहून ठेवावे आणि एका वेळी एकच बदल करावा. आणि आवाज सुरळीत असतानाच 'साऊंड सेटिंग्ज'चे पान एकदा उघडून आपल्या स्पीकरचे नाव वहीत टिपून ठेवावे. पुढच्या वेळी संगणक मुका झाला, की यादीतून कोणते नाव निवडायचे, हे शोधत बसावे लागणार नाही.